घरभर फिल्टर बसवण्याआधी

जुलै महिन्यात हरसूल परिसरातल्या एखाद्या विहिरीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवा. मिनिटाभरातच तळाशी वाळूचा पातळ थर बसतो. तासाभरात त्याच्यावर बारीक गाळ येतो. मग मात्र पुढे काही घडेनासे होते. वरचे पाणी तांबूस आणि दुधाळ दिसत राहते. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशीही तसेच. याच विहिरीचे पाणी मार्चमध्ये इतके नितळ असते की तळाचा दगड दिसावा. तरीही ते नितळ पाणी पिऊन कुणाचे पोट बिघडते, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी उकळून पिणारे घर ठणठणीत राहते.

गढूळ पाणी बसत का नाही आणि नितळ पाणी बाधते का, हे दोन प्रश्न नीट सुटले की घरासाठी कोणता फिल्टर घ्यायचा याचे बरेचसे उत्तर मिळते. आता हरसूलमध्येही स्लॅबच्या घरांवर काळ्या टाक्या दिसतात. कुणाकडे बोअर आहे, कुणाकडे नळ आला आहे, आणि सगळ्या घराच्या पाण्याला एकच फिल्टर लावावा असा विचार बरीच कुटुंबे करू लागली आहेत. विचार चांगला आहे. पण यात पैसे वाया जातात ते बहुधा एकाच कारणाने: पाण्यात काय आहे हे माहीत नसतानाच यंत्र घरात येते.

कातळातले पाणी

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, दमणगंगेच्या खोऱ्यात आहे. तालुक्यात पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भात, नागली, वरई या पावसावरच होतात. तरीही एप्रिल उजाडला की पाड्यापाड्यांवर हंडे रांगेत लागतात. याचे कारण पायाखाली आहे. इथला खडक म्हणजे लाव्हारस थिजून झालेला काळा कातळ, बसाल्ट. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. हा साठा लहान आणि उताराचा. म्हणून विहीर पहिल्या दोन-तीन पावसांत भरते आणि डिसेंबरनंतर भराभर उतरते.

याचे पाण्याच्या गुणावर दोन परिणाम होतात. पहिला चांगला आहे. पाणी खडकात फार काळ थांबत नाही, दरवर्षी नवा पाऊस येऊन जुने पाणी धुऊन नेतो. त्यामुळे खडकातले क्षार त्यात फारसे विरघळत नाहीत. घाटमाथ्यावरचे पाणी म्हणूनच सहसा गोड लागते. दुसरा परिणाम वाईट. जमिनीवर पडलेले पाणी भेगांतून काही तासांत विहिरीत पोहोचते. मातीच्या जाड थरातून सावकाश झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे इथे गाळले जात नाही. उकिरडा, गोठा किंवा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर तिथले जंतू पहिल्या सरीबरोबर विहिरीत उतरतात. पाणी नितळ दिसले तरी ते त्यात असतात.

तेव्हा या भागातले मुख्य शत्रू दोन: पावसाळ्यातला गाळ आणि बारमाही जंतू. क्षारांची तक्रार काही खोल बोअरपुरती असते.

गाळ बसत का नाही

पाण्यात पडलेला कण किती वेगाने तळाला जातो हे त्याच्या आकारावर ठरते, आणि हा नियम फार कठोर आहे. कणाची जाडी दहापट कमी झाली की त्याचा बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक फूट खोल जायला मिनिटभरही घेत नाही. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या पोयट्याच्या कणाला त्याच अंतरासाठी जवळपास तास लागतो. आणि चिकणमातीचा एक मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एक फूट उतरायला तीन-चार दिवस घेतो. हजार लिटरच्या टाकीत पाण्याची उंची मीटरभर असते. तिथे त्याला बारा-तेरा दिवस लागतील, तेही पाणी अजिबात हलले नाही तर. रोज भरणाऱ्या-उपसणाऱ्या टाकीत ते शक्य नाही.

यात आणखी एक अडचण आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ते एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी इथे काम करते. तुरटीतला ॲल्युमिनियम धनभार घेऊन येतो, कणांमधला हा दुरावा संपवतो आणि चिकट पुंजके तयार होतात. पुंजके मोठे असतात म्हणून बसतात. निवळीचे बी उगाळून घालण्याची आणि शेवग्याच्या बियांचे पीठ वापरण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर चालते. २० लिटरच्या हंड्याला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी पुरते. जास्त घातल्याने पाणी जास्त स्वच्छ होत नाही, उलट तुरट लागते. तुरटी घातल्यावर पाणी आधी जोरात, मग काही मिनिटे सावकाश ढवळायचे आणि तासभर हात लावायचा नाही. बहुतेक घरांत हे शेवटचेच राहून जाते.

टीडीएस मीटर काय पाहत नाही

फिल्टर विकणारा माणूस पेनासारखे एक यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा. हे यंत्र खरे तर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढेच मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधते. त्याला जंतू दिसत नाहीत, गाळ दिसत नाही, कीटकनाशकही दिसत नाही. गटाराचे पाणी मिसळलेल्या गोड विहिरीचा टीडीएस अगदी कमी येऊ शकतो.

पुढचा प्रयोग अधिक फसवा आहे. दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. तुमच्या घरचे पाणी बघता बघता तपकिरी-हिरवे होते, त्यांच्या यंत्राचे पाणी तसेच स्वच्छ राहते. पाहणारा हादरतो. पण तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळते आणि गंज तयार होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि गंजही होत नाही. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल.

आरओ यंत्रात अत्यंत बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलले जाते आणि क्षार मागे राहतात. मागे राहिलेले क्षार वाहून न्यायला पाणीच लागते, म्हणून घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूजल मुळातच खारट आहे, तिथे या यंत्राला खरा अर्थ आहे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ वापरायला मनाई करावी, असे केंद्र सरकारला सांगितले होते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे बहुतेक पाणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. २०२२ च्या जानेवारीत याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जातानाची छायाचित्रे राज्यभर पोहोचली होती. अशा मुलखात गोड पाण्याचे तीन हिस्से मोरीत सोडून एक हिस्सा पिणे मला चुकीचे वाटते. तपासणीच्या अहवालात क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले तरच आरओ घ्यावा.

आधी तपासणी

तपासणीसाठी नाशिकपर्यंत धावाधाव करण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले आहे, आणि त्यांच्याकडे रासायनिक तपासणीचा संच असतो. जंतूंसाठी छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवतात. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता धरायची. नक्की आकडे हवे असतील तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक लागते, ती तिथूनच घ्यायची. घरच्या धुतलेल्या बाटलीतला नमुना काहीच सांगत नाही.

अहवाल हाती आला की भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकाशी ताडून पाहायचा. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. एनटीयू म्हणजे पाण्यातले कण प्रकाश किती विखुरतात याचे माप. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, नाइलाजाने २००० पर्यंत. जडपणा २०० पर्यंत चांगला, नाइलाजाने ६००. नायट्रेट ४५ च्या वर मुळीच नको. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही नको.

पावसाळी विहिरीचा एकच नमुना तपासून वर्षाचा निर्णय घेऊ नका. जुलैतले पाणी आणि एप्रिलमधले पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत.

घरभर किती, पिण्यासाठी किती

जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. स्वतःचे बोअर असेल तर वापर याच्या दुप्पटही जातो. यातले प्यायला आणि स्वयंपाकाला लागते माणशी पाच-सात लिटर. बाकीचे अंघोळीला, भांड्याला, कपड्यांना, संडासाला. मग सगळ्या पाण्याला पिण्याच्या दर्जाचे करण्याचा खर्च कशाला?

माझे मत असे: घरभराच्या पाण्यातून गाळ काढायचा, टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, टाकायची आणि पिण्यापुरत्या पाण्यासाठी स्वयंपाकघरात एक वेगळी, भक्कम पायरी ठेवायची. हरसूलच्या बहुतेक घरांना यापेक्षा जास्त लागणार नाही.

वाळूचा फिल्टर आतून

घरभराच्या फिल्टरचा गाभा म्हणजे वाळूने भरलेले उभे नळकांडे. लोकांना वाटते वाळू चाळणीसारखी गाळते. तसे असते तर चिकणमाती आरपार गेली असती, कारण वाळूच्या कणांमधली जागा त्या कणांपेक्षा शंभरपट मोठी असते. प्रत्यक्षात पाणी वाळूच्या हजारो वळणांतून जाते, कण वाळूच्या पृष्ठभागावर आपटतो आणि तिथे चिकटतो. म्हणूनच आधी तुरटीने पुंजके झालेले पाणी वाळूत फार चांगले गाळले जाते, आणि तुरटी न घातलेली बारीक चिकणमाती बरीचशी निसटते. पावसाळ्यात फिल्टर लावूनही पाणी दुधाळ राहते ते यामुळे. दोष फिल्टरचा नसतो.

एकाच जाडीची वाळू वापरली तर वरचा थर लवकर चोंदतो आणि खालची वाळू रिकामीच राहते. यावर महाराष्ट्रात एक सुंदर उपाय निघाला. अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकापासून लहान गावांसाठी स्वस्त जलशुद्धीकरण केंद्रे बांधली. रामटेक, वरणगाव आणि आपल्याच नाशिक जिल्ह्यातली, निफाड तालुक्यातली चांदोरी ही त्यातली गाजलेली. त्यांनी वाळूच्या वर नारळाच्या करवंटीच्या तुकड्यांचा जाड थर दिला. करवंटी वाळूपेक्षा हलकी, म्हणून फिल्टर उलटा धुतला तरी ती पुन्हा वरच येऊन बसते. मोठे पुंजके करवंटीत अडकतात, बारीक वाळूत, आणि सगळी खोली वापरात येते. घरगुती फिल्टर घेताना आत एकच वाळू आहे की वेगवेगळ्या जाडीचे थर आहेत, हे विचारायला विसरू नका.

दुसरा प्रश्न मोटरचा. फिल्टर सतत घाण साठवतो, ती उलट्या प्रवाहाने धुऊन काढावी लागते. याला बॅकवॉश म्हणतात. पाणी खालून वर सोडले की वाळू फुलते, कण एकमेकांवर घासतात आणि चिकटलेला गाळ सुटतो. वाळू फुलण्यासाठी गाळताना लागतो त्याच्या दुपटीहून जास्त प्रवाह लागतो. १३ इंच व्यासाचे नळकांडे तासाला हजार लिटरच्या आसपास चांगले गाळते, पण धुवायला तासाला दोन ते अडीच हजार लिटर हवे. आपली मोटर किती देते ते मोजणे सोपे आहे. २० लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली तर मोटर तासाला २,००० लिटर देते. याहून जास्त वेळ लागत असेल तर लहान नळकांडे घ्या. मोठे घेतले तर ते कधीच नीट धुतले जाणार नाही, वाळूचे गोळे होतील आणि पाणी त्यांच्या कडेने पळेल.

फिल्टर कुठे बसवायचा, यातही चूक होते. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या नळावर तो बसवला की न्हाणीघरात पाण्याची धार बारीक होते. दहा मीटर उंचीने चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. टाकी नळाच्या तीन मीटर वर असेल तर मिळतो जेमतेम ०.३ किलो, आणि तो फिल्टरच खाऊन टाकतो. म्हणून वाळूचा फिल्टर मोटर आणि वरची टाकी यांच्यामध्ये हवा. खाली एक साठवण टाकी, तिच्यात तुरटीने गाळ बसवायचा, मोटरचा फूट व्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर, मग फिल्टर, मग वरची टाकी. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचा एकेक काटा लावून घ्या. धुतल्यानंतर दोन काट्यांत जो फरक दिसतो तो भिंतीवर लिहून ठेवा. फरक वाढत गेला की बॅकवॉशची वेळ झाली. आठवड्याचा वार ठरवण्यापेक्षा काट्याचे ऐकलेले बरे, कारण आषाढात रोज धुवावे लागते आणि माघात पंधरवडाभर लागत नाही.

पाच मायक्रॉनची दोऱ्याची किंवा स्पन कार्ट्रिज वाळूनंतर लावता येते, पण थेट विहिरीच्या पाण्यावर लावली तर पावसाळ्यात चार दिवसांत चोंदते. आणि जंतू एका मायक्रॉनच्या आसपासचे असतात. पाच मायक्रॉनची कार्ट्रिज जंतू अडवते असे कुणी सांगितले तर ते खरे नाही.

पाणी जड असेल तर

खोल बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे काम. वाळू त्यांना अडवत नाही, कारण ते विरघळलेले असतात. यासाठी सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात आणि मण्यांवर सोडियम बसलेले असते. एसटीच्या बाकावर दोन बारीक माणसे बसलेली असावीत आणि एका धिप्पाड माणसाने येऊन दोन्ही जागा घ्याव्यात, तसे कॅल्शियम दोन सोडियमना उठवून त्यांच्या जागी बसते. सगळे बाक भरले की मिठाचे दाट पाणी सोडतात. सोडियमची गर्दी इतकी होते की कॅल्शियमला उतरावे लागते, आणि रेझिन पुन्हा कामाला तयार होते.

किती मोठा सॉफ्टनर हवा, हा हिशोब घरी करता येतो. जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आणि रोजचा वापर ५०० लिटर असेल, तर रोज १५० ग्रॅम जडपणा काढायचा. एक लिटर रेझिन साधारण ४० ते ५० ग्रॅम धरते. म्हणजे २५ लिटर रेझिनला आठवड्यातून एकदा मीठ लागेल, दर वेळी तीन-चार किलो. ते खारट पाणी परसातल्या भाजीला जाता कामा नये, विहिरीकडे तर नाहीच. सॉफ्टनर दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात घालतो. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या. जडपणा २०० च्या आत असेल तर सॉफ्टनरची गरजच नाही. पाइपला चुंबक बांधून जडपणा जातो, या दाव्यावर पैसे घालू नका.

जंतूंचा बंदोबस्त

टीसीएल पावडर गावाला नवी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकतो, आरोग्य सेवक पाण्यातले क्लोरिन पाहायला ओटी टेस्ट करतात, आणि पाणी व्यवस्थेच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. घरच्या टाकीचे गणितही तेच आहे: हजार लिटरला पाच ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचे पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास नळ उघडू नका. अर्ध्या तासानंतरही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे, ओटीचा पिवळा रंग तेच दाखवतो. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे, किंवा पाणी गढूळ आहे. मातीतला कुजका अंश क्लोरिन खाऊन टाकतो आणि जंतू कणांच्या आड लपतात. म्हणून क्रम बदलता येत नाही: आधी गाळ, मग क्लोरिन.

याच ठिकाणी कार्बन फिल्टरचा सापळा आहे. कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरिन काढतो, पाणी चवीला छान लागते. तो टाकीच्या आधी किंवा घरभराच्या नळावर बसवला तर क्लोरिन तिथेच संपते आणि पुढच्या पाइपात जंतूंना मोकळे रान मिळते. कोळशाच्या छिद्रांत साठलेल्या अन्नावर ते वाढतातही. नवा फिल्टर बसवल्यावर महिना-दोन महिन्यांत पाण्याला कुबट वास येतो, त्याचे कारण बहुधा हेच. कार्बन हवाच असेल तर फक्त स्वयंपाकघरात, आणि त्याच्या लगेच पुढे यूव्ही.

यूव्ही दिव्याचे किरण जंतूंच्या पेशीतला डीएनए बिघडवतात, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. पण पाणी नितळ हवे, नाहीतर किरण कणांवर अडतात. दिवा वर्षभराने पेटलेला दिसतो तरी त्याचे जंतुनाशक किरण मंदावलेले असतात, म्हणून तो साधारण ९,००० तासांनी बदलावा लागतो. आणि वीज गेली की यूव्ही नाही. पावसाळ्यात, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच वीजही जास्त जाते. अशा दिवशी पाणी खळखळ उकळून मिनिटभर तसेच ठेवणे, याला तोड नाही.

हंड्याच्या तोंडाला फडके बांधणे निरुपयोगी आहे, असेही समजू नका. बांगलादेशातल्या ६५ गावांत जुनी सुती साडी चार पदरी घडी करून पाणी गाळले, तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले; हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे कापडात अडकतात. फडके रोज धुऊन उन्हात वाळवायला हवे.

विजेशिवाय चालणारा मार्ग

ज्या घरांना मोटर आणि यूव्ही परवडत नाही, त्यांच्यासाठी सावकाश गाळणारा वाळूचा फिल्टर हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. लंडनमध्ये जेम्स सिम्पसन याने १८२९ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरला. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हांबुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, आणि तेही हांबुर्गच्या खालच्या अंगाचे, पाणी पीत असूनही बरेचसे बचावले. आल्टोनाचे पाणी वाळूतून सावकाश गाळलेले होते.

यात पाणी इतके हळू जाते की वाळूच्या वरच्या बोटभर थरावर सूक्ष्म जीवांची साय धरते, आणि तीच रोगजंतूंना खाते. दोनशे लिटरच्या पिंपात बारीक धुतलेली वाळू भरली तर तासाला २५ ते ५० लिटर पाणी मिळते, म्हणजे दिवसभरात कुटुंबापुरते. अटी दोन: आत जाणारे पाणी तुरटीने आधी निवळलेले हवे, आणि वाळू कधीही कोरडी पडता कामा नये, नाहीतर साय मरते. साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पाणी उकळून प्यावे. धार मंदावली की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढायची, बस. या पाण्यात टीसीएल टाकायचे ते गाळून झाल्यावर. आधी टाकले तर साय जाते.

चौकट: निगेचे वर्ष

मे: दोन्ही टाक्या घासून धुवा, टीसीएलच्या पाण्याने खळाळा, झाकणे घट्ट करा. पावसाळ्याआधीचा नमुना द्या.
जून ते सप्टेंबर: तुरटी रोज. दाबाचा काटा पाहून बॅकवॉश. दोन दिवसांआड ओटी टेस्ट.
ऑक्टोबर: टाकीतला गाळ काढा, पावसाळ्यानंतरचा नमुना द्या, कार्ट्रिज बदला.
नोव्हेंबर ते एप्रिल: बॅकवॉश कमी, टीसीएल चालूच. पाणी उतरले की बोअरचा जडपणा पुन्हा तपासा.
नळाला पाणी एका वेळेलाच येत असेल तर रोजची पहिली दोन-चार मिनिटे पाणी टाकीत घेऊ नका. रिकाम्या पाइपात बाहेरचा चिखल ओढला गेलेला असतो.
गावी गेलात तर परतल्यावर फिल्टर आणि पाइपातले साचलेले पाणी आधी सोडून द्या.
वाळू साधारण चार-पाच वर्षांनी बदला.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याला तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: कोणत्या अहवालावरून हे यंत्र सुचवले, बॅकवॉशला तासाला किती लिटर पाणी लागते, आणि कार्ट्रिज, दिवा, रेझिन हे सुटे भाग नाशिकमध्ये मिळतात का. उत्तर देता आले नाही तर दुसऱ्या दुकानात जा. आणि घरचा फिल्टर कितीही चांगला निघाला, तरी गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाचा उकिरडा हलवल्याशिवाय गावाचे पाणी सुधारत नाही. पुढच्या ग्रामसभेत दोन मागण्या ठेवा: विहिरीभोवतीचा कठडा आणि ओटा दुरुस्त व्हावा, आणि पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल ग्रामपंचायतीच्या दारावर लावला जावा.